मुळ्याला का शिक्षा?

कमी कर्बोदकांच्या डाएटमध्ये 'जमिनीखाली येणाऱ्या सगळ्या भाज्या बंद' असा नियम सांगतात. तो सोपा आहे, पण मुळ्यावर अन्याय करतो. १०० ग्रॅम मुळ्यात कर्बोदकं जेमतेम ३-४ ग्रॅम, बटाट्यात १७च्या आसपास. उलट वेलीवरचा मटार १४ ग्रॅमवर जातो! गाजर-बीट १०च्या घरात, तेव्हा कोशिंबिरीत चार फोडी चालतील, वाटीभर नको. मी दुधी, फ्लॉवर, कोबी, पालक, मेथी बिनधास्त खाते.

खरी गोम भाजीपेक्षा फोडणीनंतर येते. मेथी चांगलीच, पण पीठ पेरून केली की दोन मोठे चमचे बेसनातून ७-१० ग्रॅम कर्बोदकं आत जातात. शिवाय आमच्याकडे प्रत्येक भाजीत गुळाचा खडा पडतो, तो सासूबाईंपुढे बंद करणं डाएटपेक्षा अवघड!