क्वाड बाईक घ्यायची आहे, कुठली घेऊ? (घरच्या ग्रुपवरची शनिवारची चर्चा)

मीनाताई (गिप्सलँड, ऑस्ट्रेलिया): सगळ्यांना नमस्कार. जागेचे कागद झाले हे सांगितलंच होतं. ७० एकर, जवळजवळ सगळी टेकाडं. गाई पुढच्या महिन्यात येतील. आता चार चाकांची बाईक घ्यायची आहे, इथं तिला क्वाड म्हणतात. कुंपण बघायला, गवताचे गठ्ठे न्यायला, तणावर फवारायला. शिवाय सुट्टीच्या दिवशी रानातून फिरायला. दोन समोर आहेत. एक २०१९ ची जुनी होंडा, ५०० च्या वर्गातली, पायाने गिअर टाकायची. दुसरी नवीकोरी सीएफमोटो, ४९५ सीसी, गिअर न टाकता इंजिनच्या पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारी, पॉवर स्टेअरिंगवाली. संदीप, तू रोज चालवतोस. बाळूदादा, तुझं गॅरेज आहे. बोला.

बाळूदादा (चिपळूण): होंडा घे. पट्ट्याच्या गाडीचं मला सांगू नकोस, ओझं ओढून ओढून पट्टा तापतो, पाणी शिरलं की घसरतो. शेतात ओढकामाला गिअरच पाहिजे. आणि उतारावर गिअरमध्ये गाडी धरून उतरते, ब्रेकवर भार येत नाही.

ओम (मीनाताईचा मुलगा): मामा पण सीएफमोटो दिसायला भारी आहे

नाना (दापोली): मीना, किंमत लिहिली नाहीस. आणि ट्रॅक्टर का नको? छोटा घेतलास तर नांगरटही होईल.

मीनाताई: नाना, नांगरट नाहीच, सगळं कुरण आहे. रोज दोनदा सगळ्या वाड्यांतून (कुंपण घातलेल्या कुरणांतून) चक्कर मारायची, फाटकं उघडायची, वासरांवर नजर ठेवायची. ट्रॅक्टरने पावसाळ्यात गवताचा चिखल होतो. क्वाडची चाकं रुंद, हवा कमी, गवत दबतं पण फाटत नाही.

संदीप (वायकाटो, न्यूझीलंड): ताई, दूध काढून आत्ता बसलो. कुठली घेऊ हे नंतर. आधी एक काम कर. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतं ना, लेव्हलचं. एक सरळ फळी घे, जिथे जिथे तू फवारायला जाणार तिथे उतारावर आडवी-उभी ठेव आणि आकडे लिहून आण. आज उजेड आहे तोवर जा.

मीनाताई: आत्ता?

संदीप: आत्ता. गाडीचा निर्णय तुझ्या टेकाडानं करायचा आहे, शोरूममध्ये नाही.

बाळूदादा: हे मात्र बरोबर बोलला.

नाना: आमच्या लाल मातीच्या उतारावर बैलगाडी उतरवायची तर मागच्या चाकाला लाकूड बांधून घासत आणायचो. उताराला मान द्यावा लागतो.

वैशालीवहिनी (पुणे): मीनाताई, माझा एकच प्रश्न. ही उलटली तर माणसाच्या अंगावर येते ना? वजन किती असतं?

संदीप: वहिनी, या वर्गातली तीनशे किलोच्या आसपास. आणि हो, अंगावरच येते.

वैशालीवहिनी: मग ऐका. आमच्या वॉर्डात ट्रॉलीखाली, भिंतीखाली सापडलेली माणसं येतात. छातीवर वजन बसलं की बरगडी मोडायचीही गरज नसते. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते, ती फुगतच नाही. काही मिनिटांत संपतं. एकटी असलीस तर कोणाला कळणारही नाही.

संदीप: वहिनींनी विषय काढला म्हणून सांगतो. आईला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्या मागच्या टेकाडावर गॉर्सवर फवारत होतो. हे काटेरी झुडूप, पिवळ्या फुलांचं, इथे सगळीकडे माजतं. मागच्या कॅरिअरवर ६० लिटरची टाकी, निम्मी संपलेली. मला वाटलं ओझं कमी झालं, आता धोका कमी. उलटं असतं. भरलेली टाकी जागची हलत नाही, निम्म्या टाकीत पाणी उताराकडे धावतं आणि त्याबरोबर सगळा भार धावतो. वरच्या बाजूचं चाक एका ढेपेवर चढलं, एवढंच. मी वरच्या अंगाला झुकलो होतो, तरी गेली. पहिल्यांदा पेट्रोलचा वास आला, मग कळलं मी जमिनीवर आहे आणि कानाशी मागचं चाक फिरतंय. मालकानं मागे कमान बसवली होती, तुकड्या-तुकड्यांची लवचिक असते ती, लाईफगार्ड म्हणतात. त्या कमानीनं गाडी आणि जमिनीत हातभर फट ठेवली. त्या फटीत माझी मांडी होती. नुसती काळीनिळी झाली.

आई: संदीप फोन कर

संदीप: करतो आई. मी व्यवस्थित आहे. दोन वर्षं झाली त्याला.

बाळूदादा: अरे काय रे हे. आधी का नाही बोललास.

संदीप: दादा, म्हणूनच आज बोलतोय. ताईच्या देशात तर या कमानीचा कायदाच आहे. ११ ऑक्टोबर २०२१ पासून ऑस्ट्रेलियात नवी क्वाड विकायची तर पलटी-संरक्षण कमान बसवूनच विकावी लागते, आणि गाडी कलण्याच्या कसोटीत पास व्हावी लागते. होंडा, यामाहा, पोलारिस या कंपन्यांना ते पटलं नाही. कमानीमुळेच इजा होऊ शकते असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांनी शेतकामाच्या नव्या क्वाड तिथे विकणं सोडून दिलं. सीएफमोटो राहिली. म्हणून ताईच्या समोर हा असा पेच आहे : नावाजलेली होंडा फक्त जुनी मिळते, आणि देशात आधीच असलेल्या जुन्या गाडीला हा कायदा लागू नाही. ती कमानीशिवाय तुझ्या दारात येईल.

वैशालीवहिनी: कायदा आणण्याइतकी माणसं गेली?

संदीप: तिथल्या ग्राहक आयोगाचा आकडा आहे, २०११ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी १६ मृत्यू. आणि रोज सहा-एक जण दवाखान्याच्या इमर्जन्सीत.

मीनाताई: आले मोजून. सदऱ्याला चिखल लागलाय. घराजवळची वाडी ६ ते ८ अंश. मधला रस्ता १२. तळ्याच्या वरचं टेकाड २२, एका ठिकाणी २४. रॅगवर्ट, ते पिवळ्या फुलांचं तण, नेमकं तिथेच जास्त आहे, सगळं फवारायला तिथेच जायचंय.

संदीप: आता हे बघ. नव्या गाडीच्या हँडलला एक पाटी टांगलेली असते, त्यावर ती किती अंशाला दोन चाकांवर येते ते लिहिलेलं असतं. कायद्यानं आडव्या उतारावर निदान ०.५५ चं गुणोत्तर लागतं, म्हणजे सुमारे २९ अंश. तुला वाटेल २४ आणि २९, पाच अंश हातात आहेत. ते गुणोत्तर सपाट लोखंडी टेबलावर मोजलेलं असतं. तुझ्या टेकाडावर वॉम्बॅटची बिळं आहेत का?

मीनाताई: आहेत की. मोठमोठी. परवा यांचा पाय एका बिळात गेला.

संदीप: डाव्या-उजव्या चाकांत अंतर साधारण ९० सेंटिमीटर. खालच्या अंगाचं चाक २० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं की गाडी आणखी बाराएक अंश कलते. २२ अधिक १२, झाले ३४. संपलं. होंडा असो नाहीतर काही असो, ती पलटणारच.

नाना: हिशोब मला पटला. मीना, त्या टेकाडावर गाडी न्यायचीच नाही.

मीनाताई: मग तण कसं मारू नाना? दोन वर्षं सोडलं तर सगळं कुरण पिवळं होईल, गाईंना विषारी असतं ते.

संदीप: वरच्या सपाटीवर क्वाड उभी करायची, ५० मीटरचा पाईप रिळावर, आणि पायी खाली उतरायचं. नाहीतर पाठीवरचा पंप. आम्ही आता असंच करतो. अर्धा दिवस जास्त जातो. तो जाऊ दे.

प्रशांत (भाऊजी, मीनाताईचे यजमान): संदीप, लिहून घेतोय. ओझ्याचं सांग. टाकी कुठल्या गाडीवर चालेल?

संदीप: भाऊजी, इथेच लोक फसतात. इंजिन किती सीसीचं ते बघतात, कॅरिअरवर लिहिलेला आकडा बघत नाहीत. होंडाची ४२० ची रँचर घ्या, मागच्या कॅरिअरला ६० किलो, पुढे ३०. साठ लिटर पाणी म्हणजेच साठ किलो, वर टाकी, पंप, नळी. झालं की जास्त. त्यांचीच ५२० ची मोठी घेतली तर मागे ८५, पुढे ४५, ओढायला ६०० किलोपर्यंत. यामाहाची कोडिअ‍ॅक ७०० मागे ९०, पुढे ५० घेते, पण ती तुमच्याकडे आता नवी मिळायची नाही. तुमच्या दोन्ही गाड्यांच्या कॅरिअरचे फोटो काढा, स्टिकर असतो. आणि टाकी ट्रेलरवर घेता आली तर कॅरिअरवर घेऊच नका, भार खाली राहतो.

बाळूदादा: पट्ट्याचं माझं म्हणणं कायम आहे बरं का.

संदीप: दादा, पट्टा-पट्ट्यात फरक आहे. यामाहाच्या गाडीत पट्टा कायम ताणलेला राहतो आणि उतारावर चारही चाकांना इंजिन धरून ठेवतं, मी स्वतः चालवलीय. साध्या पट्ट्याच्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पट्टा मोकळा पडतो आणि गाडी न्यूट्रलसारखी सुटते. तो क्षण वाईट असतो, पोटात गोळा येतो. म्हणून ताई, सीएफमोटोवाल्याला सांग की १२ अंशाच्या तुझ्या रस्त्यावर लो मध्ये, म्हणजे सगळ्यात हळू गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून, मागे ट्रेलर लावून उतरवून दाखव. तयार नसेल तर पुढे जाऊ नकोस.

बाळूदादा: आणि होंडा बघायला गेलीस तर : इंजिन थंड असताना चालू करायला सांग. पुढच्या चाकाला वर-खाली, आडवं हलव, बॉल जॉईंट वाजतात का. मागच्या ॲक्सलचं ऑईल काढून बघ, दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, ओढ्यात बुडवलेली गाडी ती. चारही चाकं गुंतवून (फोर-व्हील ड्राइव्ह लावून) आठचा आकडा काढ. सगळ्याचा व्हिडिओ कॉल कर मला.

मीनाताई: करते दादा. आणि संदीप, त्या होंडावर कमान मागाहून बसते का?

संदीप: बसते. लाईफगार्ड आमच्या न्यूझीलंडची, क्वाडबार तुमच्या क्वीन्सलँडची. क्वाडबार म्हणजे पाठीमागे उभी एक ताठ पट्टी, वर वळलेली. होंडा घेतलीस तर कमान बसेपर्यंत गाडी गेटाबाहेर काढायची नाही, एवढं मला वचन दे.

मीनाताई: दिलं.

ओम: मामा फिरायला कुठे जायचं मग? जवळच एवढं मोठं जंगल आहे

संदीप: ओम, व्हिक्टोरियात सरकारी जंगलातल्या वाटांवर क्वाड चालत नाही, कारण तशा वापरासाठी तिची नोंदणीच होत नाही. तुमच्या स्वतःच्या जागेत वाट करायची. ओढ्याकाठून, दोन फाटकं, तीन-चार किलोमीटर सहज होतील. आईबाबांना बरोबर घेऊन आखा. पण चालवायचं म्हणशील तर या मापाच्या गाडीवर १६ वर्षांखालच्यांनी बसू नये असं गाडीवरच लिहिलेलं असतं. तू १४ चा.

ओम: मागे बसलो तर? सीट तर लांब आहे

संदीप: नाही रे राजा. ती सीट चालवणाऱ्याला मागे-पुढे सरकायला लांब केलेली असते. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे जायचं, आडव्या उतारावर वरच्या अंगाला ढुंगण उचलून बसायचं. मागे दुसरा बसला की चालवणाऱ्याला हलताच येत नाही. तुम्हा तिघांना एकत्र फिरायचं असेल तर ती गाडीच वेगळी, शेजारी-शेजारी बसायची, सीटबेल्ट आणि पिंजरा असलेली. महाग आहे, रुंद आहे, तुमच्या झाडांमधून जाणार नाही. पण भाऊजी, दोन वर्षांनी विचार करा.

नाना: ओम, इकडे मे महिन्यात ये. आपला पॉवर टिलर चालवायला शिकवतो, सपाट खाचरात.

ओम: नक्की नाना

संदीप: ताई, बारीकसारीक राहिलं. चाकातली हवा अगदी कमी, काही पीएसआयच असते, पेट्रोलपंपावरचा गेज तिथे काट्यालाही हलत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घे. डाव्या-उजव्या चाकात एक-दीड पीएसआयचा फरक पडला तरी हँडल ओढतं. हेल्मेट दाराजवळच्या खुंटीला, किल्ली हेल्मेटमध्ये. म्हणजे एक घेतल्याशिवाय दुसरं हाताला येत नाही. आणि तुमच्या दरीत रेंज नाही, तर आपत्कालीन बीकन, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहावरून मदत मागणारं यंत्र, खिशात ठेव, गाडीवर नाही. गाडी एकीकडे आणि तू दुसरीकडे पडशील.

वैशालीवहिनी: हे शेवटचं लाख मोलाचं.

मीनाताई: यांचं आणि माझं बोलणं झालं. उद्या होंडा बघतो, दादा व्हिडिओवर. ऑईल दुधी निघालं तर मंगळवारी सीएफमोटो, आमच्या रस्त्यावर ट्रेलर लावून. कुठलीही आली तरी तळ्यावरचं टेकाड पायी. आत्ताच तिथे खुंट्या ठोकून लाल फीत बांधायची ठरवली आहे, म्हणजे घाईत कोणी विसरणार नाही. ओमला काम दिलंय.

ओम: मामा किती अंतरावर ठोकू?

संदीप: दहा-दहा पावलांवर. आणि वरच्या कडेपासून गाडीभर अलीकडे, गवत ओलं असलं तर थांबायला जागा लागते.

ओम: ओके

आई: संदीप तू अजून फोन केला नाहीस