पाळी गेल्यावर पोट वाढलं, आईने सोयाबीन बंद करावं का?

गोदाकाठची_लेक
आई 54 ची, पाळी जाऊन 4 वर्षं झाली. जेवण तेवढंच आहे पण पोट सुटलंय, यंदा तिसऱ्यांदा ब्लाऊज उसवायला दिले तर टेलरताई म्हणे आता आत दाबच उरली नाही. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 6.1 आलंय. त्यात सख्ख्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झालेला, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या बायकी हार्मोनवर वाढणारा), म्हणून आई धास्तावलीय. भिशीतल्या एका काकूंनी सांगितलं सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन असतं, झालं, दळणातलं सोयाबीन बंद आणि हलकी म्हणून साबुदाणा खिचडी आठवड्यातून तीनदा 🤦‍♀️ पण पाळी गेली की इस्ट्रोजेन बंदच होतं ना?

सिडकोवाली_मीना
अगं पूर्ण नाही बंद होत. मी स्वतः ब्रेस्ट कॅन्सरमधून गेलेय. अंडाशय थांबतात पण चरबी थोडीच थांबते, तिच्यात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं ते दुसऱ्या हार्मोन्सपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. चरबी जास्त तर तेही जास्त, म्हणून पाळी गेल्यानंतरच्या लठ्ठपणात ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो. माझी रोजची लेट्रोझोलची गोळी हे एन्झाइमच दाबते. तिच्यामुळे सकाळी बोटं इतकी आखडतात की कुकरचं झाकण नवरा लावतो, असो.

डब्यातली_डाएटिशियन
काकूंना सांग, सोयाबीनमधले आयसोफ्लेवोन्स दिसायला इस्ट्रोजेनसारखे पण काम फार कमजोर. शांघायमध्ये ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या सुमारे 5000 बायकांचा अभ्यास 2009 मध्ये आला, त्यात सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमीच दिसलं. दळणात मूठभर खुशाल टाका, आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल मात्र मनाने नको.
मला खटकली ती खिचडी! साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, 6.1 म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा. इन्सुलिन चढं राहिलं की इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रोटीन लिव्हर कमी बनवतं आणि मोकळं इस्ट्रोजेन वाढतं, म्हणजे शुगर आणि ही भीती दोन वेगळी प्रकरणं नाहीत. मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, ताक द्या. आणि कंबर मोजा, आपल्याकडे बायकांना 80 सेंटीमीटरच्या आत हवी.

तर्री_एक्स्ट्रा
म्हणजे मिसळ चालेल 😄 मटकीच असते की

डब्यातली_डाएटिशियन
मटकी चालेल, फरसाण आणि चार पाव कुठे लपवताय? आणि नाशिककर आहात म्हणून सांगते, वाईन हेल्दी वगैरे सोडा, दारू थोडी घेतली तरी ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो, द्राक्षाची असली तरी.

गोदाकाठची_लेक
टेप लावली, 93 😐 आई म्हणते टेप जुनी आहे, ताणली गेलीय. मी म्हटलं ताणलेली टेप कमी दाखवते, मग गप्प. उद्यापासून कृषीनगर जॉगिंग ट्रॅकला नेतेय, मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) सोमवारी विचारते. खिचडी एकादशीपुरती ठेवायला कबूल झालीय, पण महिन्यात दोन एकादश्या असतात हे लगेच ऐकवलंन.

सिडकोवाली_मीना
मॅमोग्राफीला साडी नको, सलवार कमीज घालून ने, नुसता वरचा कपडा काढला की भागतं. आणि त्या दिवशी पावडर, डिओ लावू देऊ नको, फिल्मवर ठिपके दिसतात.