बुद्धिबळात सलग हरत असताना पुढची स्पर्धा खेळावी की थांबावं?

मीनल, कॉलेज रोड
माझी मुलगी चौदा वर्षांची, रेटिंग (निकालांवरून ठरणारा खेळाच्या ताकदीचा आकडा) १६५० च्या आसपास. दिवाळीपासून ती हरतेच आहे. जिंकत आलेले डावसुद्धा घड्याळात दोन मिनिटं उरली की हातातून जातात. तिचे सर म्हणतात, तीन महिने स्पर्धा बंद, फक्त सराव. मला हे अजिबात पटत नाही. हरण्याची भीती पटासमोर बसूनच जाते, घरी बसून ती वाढते. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२३ च्या ग्रँड स्विस या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत एर्विन लामीकडून हरला होता. तीच अकरा फेऱ्यांची स्पर्धा त्याने साडेआठ गुणांनी जिंकली आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा गाठली. इथल्या पालकांनी आणि खेळाडूंनी स्पष्ट मत द्यावं.

प्रशिक्षक, इंदिरानगर
मीनलताई, तुमच्या सरांशी मी सहमत आहे. एक डाव हरणं आणि महिनोन्‌महिने हरत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अठराच्या आतल्या मुलांना २३०० च्या खाली के फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० असतो. बरोबरीच्या रेटिंगच्या खेळाडूकडून हरलं की २० गुण गेले, १४५० वाल्याकडून हरलं तर ३०. मुलांना हे आकडे पाठ असतात. मग ती पटावर उंट कुठे ठेवायचा याचा विचार करत नाहीत, किती गुण जाणार याचा करतात. अशा मनाने खेळलेल्या डावातून काहीही शिकता येत नाही. २०२४ च्या कँडिडेट्समध्ये गुकेश सातव्या फेरीत फिरौझाकडून हरला. दुसरा दिवस विश्रांतीचा होता. त्यानंतर आठव्या फेरीत त्याने विदितलाच हरवलं आणि पुढे स्पर्धाही जिंकली. विश्रांतीला कमी लेखू नका.

मीनल, कॉलेज रोड
सर, गुकेशची विश्रांती एका दिवसाची होती, तीन महिन्यांची नव्हे! आणि के फॅक्टर ४० दोन्ही बाजूंनी चालतो. १८५० वाल्याला हरवलं तर ३० गुण मिळतातही. याच वयात रेटिंग झपाट्याने परत मिळवता येतं, मग याच वयात का थांबायचं?

जुना खेळाडू, पंचवटी
माझा दोघांनाही विरोध आहे. खेळावं, पण जिंकायला नव्हे, हार थांबवायला. १९८४ चा जगज्जेता कारपोव्ह आणि आव्हानवीर कास्पारोव्ह यांचा सामना आठवा. सहा विजय आधी मिळवणारा जगज्जेता, डावांना मर्यादा नाही. नऊ डावांत कास्पारोव्ह ०-४ असा मागे पडला. त्यानंतर सलग १७ बरोबऱ्या! लोक कंटाळले, पण समोरच्याला पाचवा विजय मिळेना. सत्ताविसाव्या डावात तो मिळालाही, ०-५ झालं, तरी कास्पारोव्ह मोडला नाही. बत्तिसावा डाव जिंकला, मग सत्तेचाळिसावा आणि अठ्ठेचाळिसावा. फेब्रुवारी १९८५ मध्ये सामना ५-३ वर थांबवला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नव्या सामन्यात, तो जगज्जेता झाला. तुटलेला आत्मविश्वास अर्ध्या-अर्ध्या गुणानेच परत येतो, असं मी ठामपणे मानतो. मुलीला सांगा, भक्कम सुरुवात निवड, राजा लवकर सुरक्षित कर, बरोबरीचा प्रस्ताव आला तर लाजू नकोस.

प्रशिक्षक, इंदिरानगर
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हा सल्ला चौदा वर्षांच्या मुलीसाठी घातक आहे. बरोबरीसाठी खेळणारी मुलं मोहरी मारामारी करून संपवतात आणि मग प्याद्यांच्या एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) हरतात. कास्पारोव्हला एंडगेम येत होता. शिवाय नऊ फेऱ्यांच्या स्विस स्पर्धेत (कुणी बाद न होता ठरलेल्या फेऱ्या खेळायची पद्धत) डावांना मर्यादा असते.

आणि मूळ मुद्दा ताईंनीच लिहिलाय, त्याकडे कुणी पाहिलं नाही: घड्याळात दोन मिनिटं. म्हणजे पोरीला खेळ येतो, वेळ कुठे जातो ते कळत नाही. स्कोअरशीटवर (खेळी नोंदवायच्या कागदावर) खेळीसमोर उरलेला वेळ लिहायला नियमांची परवानगी आहे. तो लिहायला लावा. पंधराव्या खेळीपर्यंत निम्मा वेळ गेला असेल तर दुखणं सुरुवातीच्या तयारीत आहे. एकाच खेळीवर वीस मिनिटं गेली असतील तर निर्णय घ्यायची भीती आहे. दोन्हींचे उपचार वेगळे.

कॉलेजचा खेळाडू, सिडको
पालकांना कळकळीने सांगतो. सकाळची फेरी हरून मुलगी हॉलबाहेर आली की दारातच ‘कुठे चुकलीस?’ विचारू नका. दुपारी दुसरी फेरी असते. मोबाइलवर इंजिन (खेळी तपासणारा प्रोग्राम) उघडून तिला चूक दाखवू नका, ते रात्री घरी. आधी जेवू द्या, चार पावलं चालू द्या. आणि हरलेल्या रात्री ऑनलाइन ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) बंद. रागाने खेळलेल्या त्या डावांनी दुसऱ्या दिवशीची सकाळ खराब होते, हे मी स्वतः भोगलंय.

मीनलकाकू, एक विचारू? थांबायचं की खेळायचं, हे तुम्ही आणि सर ठरवताय. तिला काय हवंय?

मीनल, कॉलेज रोड
विचारलंय रे. पुण्याच्या स्पर्धेचा फॉर्म तिनेच समोर आणून ठेवला, म्हणून तर इतकी भांडते आहे. वेळ ९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंद, त्यामुळे लिहायला सवड मिळेल. सर, घड्याळाचा मुद्दा मान्य. तीन महिने मात्र मान्य नाहीत.

प्रशिक्षक, इंदिरानगर
मी अजूनही थांबण्याच्याच बाजूने आहे. पण जाणारच असाल तर एक अट पाळा. रोजची रेटिंगची बेरीज-वजाबाकी घरात कुणीही बोलायची नाही, तुम्हीसुद्धा नाही. परत आल्यावर नऊही स्कोअरशीट वेळेसकट तिच्या सरांना दाखवा, हरलेल्या आणि जिंकलेल्याही.