घाशीरामाचं नाव काढलं की लोक नाटकच सांगतात, मी काय करू?

बेलबागवाली: रविवारी मी पुण्याच्या पेठांतून लोकांना पायी फिरवते. परवा बेलबागेच्या, म्हणजे नानांनी बांधलेल्या देवळाच्या, दारात नाना फडणवीसांबद्दल सांगत होते, तर एक आजोबा म्हणाले, "बावनखणीत नाना नाचायचे ती जागा दाखवा." बावनखणी म्हणजे नाचगाण्याची वस्ती. ते विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' नाटकातलं आहे, असं मी सांगितलं. "अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय!" खोटं बोलत नव्हते ते. चेहऱ्यावर खरीखुरी आठवण होती.

मला दुसरंच लागून राहिलंय. १७९१ मध्ये दक्षिणा घ्यायला पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना शहराचा कोतवाल घाशीराम याने कोंडलं, वीसहून जास्त जीव गेले. ३१ ऑगस्टला लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. त्या मेलेल्यांबद्दल चार वर्षांत मला एकानेही विचारलेलं नाही. नाटकातही ते आहेत. मग विसरतात कसे?

जुना प्रेक्षक: मी सत्तरच्या दशकात पाहिलं. ब्राह्मणांची रांग खांद्याला खांदा लावून उभी, पाठ फिरवली की भिंत. त्या भिंतीआडून डॉ. मोहन आगाशे यांचे नाना यायचे. भास्कर चंदावरकरांच्या संगीताचा ठेका अजून पायात आहे. हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकरांनीच सांगितलं होतं. पण ठेक्यावर पाहिलेलं पुसलं जात नाही हो.

सदाशिव पेठ: आमच्या वडिलांनी घरात कुणाला जाऊ दिलं नाही. बारभाईंच्या कारभारापासून १८०० मध्ये जाईपर्यंत ज्या माणसाने राज्य तोलून धरलं, त्याला असा नाचवायचा? त्यांचा संताप मला आजही पटतो. १९७२ मध्ये प्रयोग सुरू झाले, ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने थांबवले, मग कलाकारांची थिएटर अकॅडमी उभी राहिली. १९८० च्या युरोप दौऱ्याआधी पुन्हा तेच वादळ.

बेलबागवाली: दादा, तुमच्या वडिलांचा राग वाचून मला उत्तर सापडलं. भांडण दोन्हीकडून नानांवरूनच झालं. नाना रंगेल की मुत्सद्दी, एवढंच. कोठडीत मेलेले परगावचे, त्यांच्या बाजूने बोलायला पेठेत घर नव्हतं. घाशीरामही बाहेरचाच, उत्तरेकडचा.

येत्या रविवारी सुरुवात त्यांच्यापासून करते: दक्षिणा मिळेल या आशेने इतक्या लांबून आलेली माणसं, आणि ती कोठडी. नाना नंतर. आजोबा पुन्हा येणार आहेत. त्यांना आधी विचारीन, त्या रात्री रंगमंचावरची कोठडी आठवतेय का.