कोंगा लाकडाचे की फायबरग्लासचे? पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्यांनी मत द्यावं

ठेकेकरी:
लॅटिन तालवाद्यांवर पोट चालवायचं असेल तर कोंगांचा, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच क्यूबन ढोलांचा, पहिला सेट फायबरग्लासचा, तोही कृत्रिम पानांचाच (पान म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा) घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. लाकडाचा गोडवा कोण नाकारतो? पण आज सभागृह, उद्या उघडं मैदान, परवा विमानप्रवास असं ज्याचं आयुष्य, त्याला वाद्य भरवशाचं लागतं. खरं कातडं दमट हवेत उतरतं, स्टेजवरच्या दिव्यांखाली चढतं. साउंडचेकला नीट लावलेला किंटो, म्हणजे सेटमधला सर्वांत चढ्या सुराचा कोंगा, दुसऱ्या गाण्याला वेगळाच बोलतो. शिवाय ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गदारोळातून फायबरग्लासचा स्लॅप, म्हणजे चापटीसारखा कडक आघात, आरपार जातो. अमेरिकेने १९६२ मध्ये क्यूबावर व्यापारबंदी घातली, तिथली वाद्यं मिळेनाशी झाली, म्हणून मार्टिन कोहेन यांनी १९६४ मध्ये 'लॅटिन पर्कशन' कंपनी काढली. पुढे त्यांचे फायबरग्लास कोंगा न्यूयॉर्कच्या साल्सा वादकांनीच उचलून धरले. ते काही हौशी नव्हते.

रानवारा:
साफ असहमत. तुम्ही फक्त स्टेजचा हिशेब मांडलात, स्टुडिओचं काय? टुंबाओ, म्हणजे कोंगाचा मूळ ठेका, वाजवताना स्लॅप आणि ओपन टोन (खुला, घुमणारा आघात) सगळ्यांना ऐकू येतात. पण त्यांच्या मधल्या जागा तळहाताचा मनगटाकडचा भाग आणि बोटांची टोकं आलटूनपालटून भरतात, आणि लय खरी तिथे चालते. लाकडी कोंगावर जाड कातडं असेल तर या दबक्या आघातांनाही अंग असतं. फायबरग्लासवर स्लॅप पुढे येतो आणि बाकीचं पातळ होतं. जवळ लावलेला माइक हे लपवत नाही.

राहिला सूर उतरण्याचा प्रश्न. पूर्वी कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं, सूर चढवायला ज्योतीवर शेकावं लागायचं. आता पान ताणायला स्क्रू असतात आणि हातात ते फिरवायचा पाना आहे, दोन गाण्यांच्या मध्ये सूर मिळवता येतो. कार्यक्रम संपल्यावर लग, म्हणजे हे स्क्रू, सैल केले की पानही टिकतं. एवढी निगा व्यावसायिकाने राखायलाच हवी. आणि कृत्रिम पानावर रात्रभर स्लॅप मारून बोटांची काय अवस्था होते, तेही लिहा की!

सांजवेळ:
माझ्या मते आधी खोडाचा, म्हणजे वाद्याचं अंग कशाचं याचा नाही, संख्येचा प्रश्न सोडवा. किंटो तोंडाशी साधारण ११ इंचांचा, मधला नुसता 'कोंगा' पावणेबारा, खालच्या सुराचा टुंबा साडेबारा. नवीन मुलं तिन्ही एकदम घेतात आणि एकावरही हात बसत नाही. क्यूबन कोंगावादक कांदिदो कामेरो यांनी अनेक कोंगा सुरात लावून एकट्याने वाजवले, पण त्याआधी दोन्ही हात स्वतंत्र चालवायची तयारी केली होती. सुरुवातीला दोन पुरे. उरलेल्या पैशांत बोंगो, गुइरो, शेकर अशी छोटी तालवाद्यं घ्या. रेकॉर्डिंगला बोलावणारा माणूस सहसा एवढंच विचारतो, "आणखी काय काय वाजवता?"

रानवारा:
दोन कोंगांचं पटलं, 'आणखी काय'चं नाही. क्यूबाचे चानो पोसो १९४७ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या बिग बँडमध्ये आले ते त्यांच्या कोंगावादनासाठी. सगळं थोडं थोडं वाजवणारे पुष्कळ मिळतात. टुंबाओ रात्रभर न ढळता धरणारा शोधावा लागतो.

ठेकेकरी:
बोटांचा मुद्दा खरा आहे, मलाही त्रास होतो. टुंबावर खरं कातडं चढवून बघतो, त्याला तसाही खालचाच सूर लागतो. किंटो मात्र कृत्रिम पानाचाच राहील आणि खोड फायबरग्लासचंच. उघड्या मैदानावर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या शेजारी बसून लाकडी किंटो वाजवणारं कुणी असेल तर माइक कुठे आणि किती अंतरावर लावता, ते सविस्तर लिहा.