एलईडीला बी-प्लस नको, हीटरचं वाइंडिंग वापरा

भाऊ, व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये बी-प्लसवरून, म्हणजे व्हॉल्व्हच्या हाय-व्होल्टेज डीसी सप्लायवरून, रेझिस्टर टाकून एलईडी पेटवायचं वर कुणीतरी सुचवलंय, ते सोडा. ३०० व्होल्टवरून १० मिलिअँपिअर ओढलंत की ३ वॅट नुसते रेझिस्टर तापवण्यात जातात, शिवाय धक्क्याची भीती वेगळीच. व्हॉल्व्हच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवरून ६.३ व्होल्ट एसी असतंच. त्यावर ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साडेसातच्या आसपास डीसी मिळतं. दोन पांढरे एलईडी सिरीजमध्ये, सोबत १५० ओहम. एका ईएल८४ व्हॉल्व्हचा हीटरच ७६० मिलिअँपिअर खातो, त्यापुढं एलईडीचा हा करंट काय ओ! फक्त ब्रिजनंतरचं मायनस चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) जोडू नका. हीटर बहुधा आधीच ग्राउंडला बांधलेला असतो, डायोडमधून शॉर्ट होईल. आणि खडेबाजारातून गणपतीला आणलेली १२ व्होल्टची एलईडी पट्टी यावर नीट पेटणार नाही.