बाबांना गोळ्या कोणी दिल्या?

बी-४०२: काल संध्याकाळी खाली बाकावर बाबांना लिव्होफ्लॉक्सासिन ७५० या अँटिबायोटिकचं उरलेलं पाकीट कोणी दिलं? आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

सी-१०३: मीच दिलं. त्यांचा खोकला ऐकवत नव्हता. मला त्याच गोळीने आराम पडला होता. चांगलं करायला जावं तर हे!

बी-४०२: काका, तुमच्या किडन्या चालतात. बाबांच्या अंगात औषध साठतं. काल एक घेतली, आज सकाळी दुसरी.

ए-२०१: कबुतरांना दाणे टाकणं बंद करा. छातीचे आजार त्यानेच होतात.

बी-३०४: झालं सुरू 😄

ए-१०१ (डॉक्टरताई): काका, तुमच्या हेतूबद्दल प्रश्नच नाही. पण डायलिसिसवर हेच औषध द्यायचं तर पहिला डोस ७५०, पुढे ५०० आणि तेही ४८ तासांनी. रोज घेतलं तर माणूस बरळतो, झटके येऊ शकतात. शिवाय टीबी असला तर या गोळीने तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं. डायलिसिसवाल्यांना टीबीचा धोका जास्तच.

बी-५०१: नारळपाणी आणि हळदीचा काढा द्या, साइड इफेक्ट नाही.

ए-१०१: नारळपाणी नकोच, पोटॅशियम वाढतं. काढासुद्धा दिवसाच्या पाण्यातच मोजायचा.

ए-२०१: परत सांगतो, कबुतरं.

सी-१०३: रोख आमच्या गॅलरीवर आहे ना? स्पष्ट बोला.

ए-२०१: रोख कोणावरच नाही. दाणे मात्र तुमच्याच गॅलरीतून पडतात.

सेक्रेटरी: कृपया विषय सोडू नये. मेंटेनन्स बाकी असलेल्यांनीही लक्ष द्यावे 🙏

बी-३०४: आणि हा विषय कुठला, साहेब?

बी-४०२: ताई, ताप १०१ आहे, धाप लागतेय. उद्याचं डायलिसिस पुढे ढकलू का?

ए-१०१: अजिबात नको. धाप कफाची की अंगात साठलेल्या पाण्याची, हे घरी कळत नाही. दोन्ही एकदमही असतं. युनिटला फोन कर आणि आत्ताच ने. तिथे अँटिबायोटिकला घाबरून नाही म्हणू नकोस. पहिला डोस बहुतेकदा पूर्णच लागतो, पुढचे जपून. काही औषधं डायलिसिस झाल्यावरच देतात, नाहीतर मशीनमध्ये धुऊन जातात. पाकीट सोबत ने, दोन घेतल्यात ते सांग. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हाताला सलाईन नाही, बीपीसुद्धा नाही.

सी-१०३: मी गाडी काढतो. गेटपाशी आणा त्यांना.

बी-४०२: लिफ्ट बंद आहे, काका.

सेक्रेटरी: लिफ्टवाला सकाळी येणार आहे.

बी-३०४: सकाळी काय उपयोग? खुर्ची घेऊन मी वर येतोय. अजून एक जण या.

ए-२०१: मी आलो. कबुतरांचं मीटिंगला घ्या.